मास इफेक्ट २, तिसरी फेरी : रंग न पाहता घेतलेले निर्णय

बायोवेअर कंपनीचा २०१० साली आलेला ‘मास इफेक्ट २’ हा अंतराळकथेचा व्हिडिओ गेम मी यापूर्वी दोनदा पूर्ण केला आहे. पहिल्या वेळी संवादचक्रातील (संभाषणात समोर येणाऱ्या उत्तरांच्या यादीतील) निळी, म्हणजे पॅरागॉनची, सौम्य उत्तरे निवडली आणि दुसऱ्या वेळी लाल, म्हणजे रेनेगेडची, कठोर उत्तरे. दोन्ही फेऱ्या संपल्यावर असे जाणवले की, निर्णयांसाठी नावाजलेल्या या गेममध्ये मी खरा निर्णय फक्त एकदाच, अगदी सुरुवातीला घेतला होता. पुढची चाळीसेक तास मी केवळ त्या रंगाचे पालन करत होतो. म्हणून तिसऱ्या फेरीसाठी एक नियम ठरवला : उत्तराचा रंग पाहायचा नाही, खेळाडूचे पात्र असलेल्या कमांडर शेपर्डच्या जागी असलेल्या एखाद्या समंजस अधिकाऱ्याने जे केले असते तेच करायचे, आणि परिणाम काहीही झाला तरी मागची सेव्ह फाइल उघडायची नाही. या फेरीची ही नोंद आहे. कथेतील महत्त्वाचे प्रसंग तिच्यात उघड झाले आहेत, त्यामुळे ज्यांनी अजून हा गेम खेळलेला नाही त्यांनी आधी तो खेळून घ्यावा.

तास १ ते ११

सुरुवात आजही तितकीच परिणामकारक वाटते. नॉर्मंडी हे अंतराळजहाज कलेक्टर या परग्रही शत्रूंच्या हल्ल्यात नष्ट होते, शेपर्डचा मृत्यू होतो, आणि दोन वर्षांनी सर्बेरस ही संघटना तिला पुन्हा उभी करते (या वेळी मी स्त्री शेपर्ड निवडली आहे). ज्या संघटनेच्या क्रूर प्रयोगांच्या खुणा पहिल्या भागात ठिकठिकाणी सापडल्या, तिच्याच पैशावर आणि जहाजावर काम करावे लागणे ही कथेतील सर्वांत मोठी अडचण आहे. मात्र ती आपल्याला निवडता किंवा नाकारता येत नाही. सर्बेरसचा प्रमुख इल्यूसिव्ह मॅन याच्याशी कितीही कडवट बोलले तरी काम त्याचेच करायचे असते. मला हा दोष वाटत नाही. चौकट पक्की असल्यामुळेच तिच्या आतल्या निवडींना वजन येते.

ओमेगा स्थानकावर गॅरस या जुन्या साथीदाराला गाठण्याच्या प्रसंगात नियमाची पहिली कसोटी लागली. भाडोत्री सैनिकांच्या तळावर एक मेकॅनिक हल्ल्यासाठी लढाऊ विमान दुरुस्त करत असतो आणि बोलता बोलता लाल खूण झळकते. ती दाबली की शेपर्ड त्याला मागून विजेचा झटका देते. निळ्या फेरीत मी हात आवरला होता. या वेळी विचार केला की तेच विमान थोड्या वेळाने गॅरसवर आणि माझ्यावर चालून येणार आहे, आणि खूण दाबली. विमान अर्धवट दुरुस्त अवस्थेतच समोर आले आणि लढाई सोपी झाली. संभाषणाच्या मध्येच हस्तक्षेप करण्याची ही सोय याच भागात प्रथम आली. क्षणभरच उपलब्ध असल्यामुळे ती खेळाडूकडून हिशोबी नव्हे, तर स्वभावातून आलेली कृती करून घेते. गेमच्या बलस्थानांत मी तिला फार वर ठेवतो.

तास १२ ते २४

पथकातल्या प्रत्येक साथीदाराची एक वैयक्तिक मोहीम असते, आणि ती नीट पार पडली की त्याची निष्ठा मिळते. त्यांपैकी झईद या भाडोत्री सैनिकाची मोहीम या फेरीत मला सर्वांत प्रामाणिक वाटली. ज्या विडोने वीस वर्षांपूर्वी त्याच्या डोक्यात गोळी घातली, त्याचा सूड घेण्यासाठी झईद स्वतःच शुद्धीकरण कारखान्याला आग लावतो. मग अडकलेल्या कामगारांना सोडवायचे की पळणाऱ्या विडोच्या मागे धावायचे, हे ठरवावे लागते. मी कामगारांना सोडवले, विडो निसटला. शेवटी झईदची समजूत घालण्याचे निळे उत्तर दिसत होते, पण निळी उत्तरे देऊन जमणारे माझे गुण अपुरे असल्याने ते निवडता येत नव्हते, आणि त्याची निष्ठा मला मिळाली नाही. तरीही अन्याय झाला असे वाटले नाही. मी त्याच्या वीस वर्षांच्या संतापापेक्षा अनोळखी माणसांचे प्राण मोठे मानले. त्याने मला माफ न करणे त्याच्या स्वभावाला धरूनच होते. मिळालेली शिक्षा माझ्या कृतीतून निघाली होती.

मॉर्डिनची मोहीमही तितकीच ताकदीची आहे. क्रोगन जातीची प्रजननक्षमता रोखणाऱ्या जेनोफेजची सुधारित आवृत्ती तयार करणारा हा शास्त्रज्ञ आपल्याच शिष्याने उपाय शोधण्यासाठी केलेले अमानुष प्रयोग पाहतो, आणि ती माहिती जपावी की नष्ट करावी हे शेपर्डला ठरवावे लागते. मी ती जपली. या निर्णयाचे फळ थेट २०१२ च्या तिसऱ्या भागात दिसते, कारण त्या माहितीवर तिथल्या ईव्ह या क्रोगन स्त्रीचे जगणे अवलंबून असते. एका भागातील निर्णय पुढच्या भागात इतक्या ठोसपणे वसूल झाल्याची उदाहरणे याच मालिकेतही थोडी आहेत. पहिल्या भागात राक्नी या कीटकसदृश जातीच्या राणीला मारले काय किंवा सोडले काय, तिसऱ्या भागात एक राणी समोर येतेच.

खनिजांसाठी ग्रह तपासण्याचे काम कंटाळवाणे आहे, पण जहाजाचे कवच, ढाल आणि तोफ यांसाठी ते टाळता येत नाही. कवच न सुधारता शेवटच्या मोहिमेवर गेल्यास वाटेतच जॅक ही साथीदार मरते, हे ज्यांनी एकदा पाहिले आहे ते निमूटपणे खनिजे गोळा करतात.

तास २५ ते ३३

या टप्प्यावर माझ्या नियमाची खरी किंमत कळली. सर्बेरसची अधिकारी मिरांडा आणि जॅक या दोघींच्या मोहिमा पूर्ण करून जहाजावर परतलो आणि त्यांचे भांडण सुरू झाले. लहानपणी सर्बेरसच्या प्रयोगशाळेत जॅकचा छळ झाला. मिरांडा ती जबाबदारी सर्बेरसची मानायला तयार नाही. दोघींना शांत करणारे निळे उत्तर आणि लाल उत्तर, दोन्ही मला बंद होती. उरला तो एकच पर्याय, कोणा एकीची बाजू घेण्याचा. जहाजावर वस्तू फेकायला सुरुवात जॅकने केली म्हणून शिस्तीच्या विचाराने मी मिरांडाची बाजू घेतली आणि जॅकची निष्ठा गमावली. दुःख जॅकचे खरे होते हे मला मान्य आहे, पण ‘तुझे दुःख खरे आहे, तरी मारामारी थांबव’ असे म्हणण्याची जागाच गेमने ठेवलेली नाही.

इथे कारण समजून घेणे आवश्यक आहे. पहिल्या भागात मन वळवणे हे कौशल्य होते आणि त्यावर गुण खर्च करावे लागत. दुसऱ्या भागात ते कौशल्य काढून टाकले गेले. आता आतापर्यंतच्या प्रसंगांमध्ये त्या रंगाचे जास्तीत जास्त किती गुण मिळू शकले असते आणि त्यांपैकी आपण प्रत्यक्षात किती मिळवले, या प्रमाणावर उत्तर खुले होते. जो खेळाडू प्रत्येक प्रसंगाचा स्वतंत्र विचार करतो त्याचे गुण दोन खात्यांत विभागले जातात आणि दोन्ही प्रमाणे कमीच राहतात. जितक्या मोहिमा पुढे जातील तितका भाजकही वाढतो, त्यामुळे हे भांडण जितक्या उशिरा येईल तितके ते मिटवणे कठीण. जॅकची निष्ठा नंतर परत मिळवण्याची वाटही याच प्रमाणातून जाते. झईदच्या बाबतीत मी जे गमावले ते एका निर्णयाची किंमत म्हणून. जॅकच्या बाबतीत मात्र मी कोणत्या एका स्वभावाचा नाही, याची शिक्षा झाली. विचारी खेळाडूला मुका करणारी ही रचना मला या गेमचा सर्वांत मोठा दोष वाटते, आणि हा गेम मला अतिशय प्रिय असल्यामुळेच तो खुपतो. तिसऱ्या भागात दोन्ही रंगांची बेरीज धरून एकच प्रतिष्ठा मोजली जाते. म्हणजे ही चूक निर्मात्यांच्याही लक्षात आली असावी.

लीजन या यंत्रमानव साथीदाराच्या मोहिमेत हाच दोष वेगळ्या रूपात दिसतो. त्याच्याच गेथ या यंत्रजातीतील बंडखोरांना नष्ट करायचे की त्यांचे विचारच बदलून त्यांना परत आणायचे, हा प्रश्न लीजन शेपर्डवर सोपवतो, कारण त्याच्यातील १,१८३ प्रोग्रॅमांचे एकमत होत नाही : ५७३ पुनर्लेखनाच्या बाजूने, ५७१ विनाशाच्या बाजूने आणि ३९ अनिर्णित. विज्ञानकथेत मताची मोजणी इतक्या हृदयस्पर्शी रीतीने मी क्वचितच पाहिली आहे. पण एवढा समतोल प्रश्न उभा करून गेम लगेच पुनर्लेखनाला निळा आणि विनाशाला लाल रंग देतो. एखाद्याचे मन त्याच्या संमतीशिवाय बदलणे हे सौम्य कृत्य आहे, हे कोणी ठरवले? मी विनाश निवडला. पुढे टाली ही दुसरी साथीदार आणि लीजन यांच्या भांडणात पुन्हा दोन्ही उत्तरे बंद होती. टालीची बाजू घेतली आणि लीजनचीही निष्ठा गेली.

तास ३४ ते ४१

जहाजावरील माणसांना कलेक्टरांनी पळवून नेताच मी थेट त्यांच्या तळाकडे नेणाऱ्या ओमेगा ४ रिलेकडे निघालो आणि ती सर्व माणसे वाचली. मध्ये एकदोन मोहिमा केल्या असत्या तर निम्मी मेली असती. दोषांची इतकी चर्चा केल्यावर हे आवर्जून सांगायला हवे की, ही शेवटची मोहीम म्हणजे निवडीवर आधारलेल्या गेममधील रचनेचा उत्कृष्ट नमुना आहे. इथे रंगाला किंमत नाही. आपण आपल्या माणसांना किती ओळखतो याला आहे. वायुनलिकेतून जाण्यासाठी जेकब स्वतः पुढे येतो, पण तो त्या कामाचा माणूस नाही. मनाच्या शक्तीने धरायची बायोटिक ढाल कोणीही बायोटिक, म्हणजे ती शक्ती असलेला कोणीही, धरू शकेल असे मिरांडा सुचवते, आणि तिचे ऐकले तर पथकातला एक जण जातो. मी नलिकेत टालीला पाठवले, पहिल्या तुकडीचे नेतृत्व गॅरसला आणि दुसऱ्या तुकडीचे मिरांडाला दिले, ढालीसाठी समाराला निवडले आणि सुटका झालेल्यांसोबत मॉर्डिनला परत धाडले. इथवर सर्व जिवंत होते.

शेवटच्या लढाईसाठी ग्रंट आणि गॅरस यांना सोबत घेतले, आणि तिथे चूक झाली. मागे राहून दार राखणाऱ्यांच्या बळाची सरासरी गेम काढतो, हे खेळाडूंनी पूर्वीच शोधून काढले आहे. ग्रंट, गॅरस आणि झईद यांचे बळ प्रत्येकी ४, मिरांडा, जेकब, समारा, थेन, लीजन यांचे २, तर जॅक, टाली, कासुमी, मॉर्डिन यांचे १. निष्ठा नसेल तर प्रत्येकी १ वजा. मागे पुरेशी माणसे असतील तर सरासरी २ च्या खाली जाता कामा नये. माझ्या नऊ जणांची बेरीज १४ भरली, म्हणजे सरासरी दीडच्या जेमतेम वर, आणि एक जण जाणार हे ठरले. निष्ठा गमावलेल्यांचा क्रम आधी लागतो. जॅक गेली.

कलेक्टरांचा तळ मी उडवून दिला. सेव्ह फाइल ठरल्याप्रमाणे तशीच ठेवली आहे, आणि पुढच्या आठवड्यात ती तिसऱ्या भागात नेणार आहे. तिथे ग्रिसम अकादमीत जॅक तरुण बायोटिक विद्यार्थ्यांची शिक्षिका म्हणून भेटते. मालिकेतील कोणत्याही पात्राचे याहून सुंदर परिवर्तन मला आठवत नाही. या वेळी ते विद्यार्थी तिच्याविनाच लढतील.