तुम्ही विचारलंत म्हणून: असले सिनेमे मी एकट्यानं का बघतो

असा एखादा सिनेमा लागला की मला फोन येतात. "बघितलास का?" बघितला म्हटलं की "कुणाबरोबर?" एकटाच गेलो होतो म्हटलं की पलीकडे जरा वेळ कुणी बोलत नाही आणि मग ठरलेला प्रश्न येतो. "अरे, आम्हाला सांगायचंस ना, आम्ही आलो असतो. असले सिनेमे तू एकट्यानंच का बघतोस?" 2025च्या सप्टेंबरात 'साबर बोंडं' हा दोन पुरुषांच्या प्रेमाचा सिनेमा लागला तेव्हा हा प्रश्न इतक्या जणांनी विचारला, की आता एकदाच नीट लिहून टाकतो. मी समलिंगी आहे हे विचारणाऱ्या सगळ्यांना ठाऊक आहे, तेव्हा तिथून सुरुवात करत नाही.

आजवर मी जी उत्तरं देत आलो ती खोटी नव्हती. या सिनेमांना दिवसाला एखादाच शो मिळतो, तोही आडवेळी, गावाच्या दुसऱ्या टोकाला. पुढच्या शुक्रवारी तोही जातो. तुमच्या नोकऱ्या, मुलांच्या परीक्षा, या सगळ्यात कुणाला विचारत बसलो तर सिनेमा उतरलेला असतो. हे सगळं खरंच आहे. पण माझ्या जाण्याचं कारण ते नाही.

शेजारी ओळखीचं माणूस असलं की मला सिनेमा दिसत नाही. पडद्यावर दोन पुरुष एकमेकांच्या जवळ आले की शेजारचा हात खुर्चीवर कसा सरकतो, श्वास कसा थांबतो, एवढंच मला कळत राहतं. आणि तुम्ही माझ्याकडे बघता. वाईट हेतूनं नाही, मला बरं वाटतंय ना, त्रास होत नाही ना, हे बघायला. मग मला माझा चेहरा नीट ठेवावा लागतो. शाळेपासून हेच करत आलोय. वर्गात, लग्नघरात, ऑफिसात, कुणाच्या मुलाच्या बारशाला. दोन तास अंधारात तो चेहरा सोडून द्यायला मी तिकीट काढतो. तेही तुम्हाला दिलं तर माझ्याजवळ काय राहिलं?

तुम्ही म्हणाल, आम्ही तसे नाही. नाहीच तुम्ही तसे. म्हणून 'अलीगढ'चं सांगतो, कारण त्या संध्याकाळी माझ्याबरोबर जे दोघं होते त्यांच्याइतकं माझं कुणी नाही.

'अलीगढ' 2016च्या फेब्रुवारीत लागला. त्यातली गोष्ट एका खऱ्या माणसाची. अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवणारे प्राध्यापक श्रीनिवास रामचंद्र सिरस, नागपूरचे, कवी. त्यांच्या 'पाया खालची हिरवळ' या कवितासंग्रहाला महाराष्ट्र साहित्य परिषदेचा पुरस्कार मिळाला होता. 8 फेब्रुवारी 2010च्या रात्री काही माणसं कॅमेरा घेऊन त्यांच्या घरात घुसली आणि एका पुरुषाबरोबर असताना त्यांचं चित्रण केलं. दुसऱ्या दिवशी विद्यापीठानं त्यांना निलंबित केलं. समलिंगी संबंध गुन्हा नाही, हा दिल्ली उच्च न्यायालयाचा निकाल 2009च्या जुलैतच लागला होता. म्हणजे बंद दाराआड दोन सज्ञान माणसांनी जे केलं तो तेव्हा गुन्हासुद्धा नव्हता. सर अलाहाबाद उच्च न्यायालयात गेले. 1 एप्रिलला निलंबनाला स्थगिती मिळाली, आणि 7 एप्रिलला ते भाड्याच्या घरात मृतावस्थेत सापडले. नेमकं काय झालं याचा उलगडा शेवटपर्यंत झाला नाही. निवृत्तीला काही महिने उरले होते.

हे सगळं मला आधीच माहीत होतं. माझ्या मित्राला आणि वहिनींना नव्हतं. मीच त्यांना घेऊन गेलो. मला वाटलं, मी जे कधी सांगू शकलो नाही ते हा सिनेमा सांगेल. सिनेमा उत्तम आहे. सरांच्या भूमिकेतला मनोज वाजपेयी घरात एकटा बसून लताबाईंचं गाणं ऐकतो, हातात ग्लास, डोळे मिटलेले, ओठांतल्या ओठांत गुणगुणतो. त्या दृश्यात मला त्या माणसाचा हेवा वाटला. इतकं आपल्यात रमून जाणं मला अजून जमत नाही. मी वहिनींकडे पाहिलं तर त्या रडत होत्या.

नंतर आम्ही डोसा खायला गेलो. मित्र बोलेना. कागदी रुमालाचे बारीक बारीक तुकडे करून बशीत ठेवत होता. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तुमचं असं नाही होऊ द्यायचं आम्ही." मी म्हटलं, माझं कसं? त्या गप्प झाल्या. मग मित्रानं मान वर न करता म्हटलं, "तुझ्या घराची एक किल्ली आमच्याकडे असू दे."

डोसे तसेच राहिले. त्याच रात्री ते दोघं माझ्याबरोबर घरी आले. खिळ्याला अडकवलेली जादा किल्ली मी काढून दिली. त्यानं दार आतून बघितलं. लॅच आहे, वर कडी आहे. "रात्री कडी लावतोस?" लावतो म्हटलं. "नको लावूस. कडी लावलीस तर किल्लीचा काय उपयोग? लॅच पुरे." मग म्हणाला, एकदा बघून घेऊ. ते दोघं बाहेर गेले, मी आत थांबलो. दार बंद. मी माझ्याच घरात दाराकडे तोंड करून उभा, आणि बाहेरून कुणीतरी किल्ली घालतंय. ती एकदा अडली, त्यानं काढून परत घातली. खट झालं, दार उघडलं. तो म्हणाला, "चालते." वहिनींनी सुटकेचा श्वास टाकला. मीही काहीतरी बोललो असेन, चहा घेता का वगैरे. ते गेले आणि मी कडी लावली.

तेव्हापासून जे मनात आहे ते मी त्या दोघांना कधी बोललो नाही, ते इथे लिहितो. एकच सिनेमा शेजारी शेजारी बसून बघितला, आणि तुम्हाला दिसलं एक म्हातारा एकटा मरतो. मला दिसलं, त्याच्या घरात लोक घुसले. सिरस सर एकटे राहत होते म्हणून त्यांचं आयुष्य उद्ध्वस्त झालं नाही. ते एकटे राहत होते, कविता करत होते, गाणी ऐकत होते, कुणाला तरी घरी बोलवत होते. ते त्यांचं होतं. ते उद्ध्वस्त केलं दार उघडून आत आलेल्यांनी. आणि हा सिनेमा बघून माझ्या माणसांना पहिली गोष्ट काय सुचली, तर माझ्या दाराची किल्ली.

हे लिहितानाही मला अपराधी वाटतं, कारण मित्राच्या मनात माया होती. कॅमेरेवाले कुठे, तो कुठे! त्यांची तुलना मी करत नाही. आणि खरं सांगायचं तर ती किल्ली लागलीही. 2021च्या एप्रिलात मला कोविड झाला. एका दुपारी तापात मला फोन ऐकू आला नाही. त्या दिवशी कडी लावायला उठवलंच नव्हतं. तो किल्ली फिरवून आत आला. जाग आली तेव्हा तो खोलीच्या दारात उभा होता, मास्क लावलेला, आणि त्याचे डोळे मी विसरू शकत नाही. त्यानं मला मेलेलाच धरला होता. ज्याची तो फेब्रुवारी 2016पासून वाट बघत होता ते दृश्य त्याला दिसलं होतं, आणि मी हललो तेव्हा तो भिंतीला टेकून खाली बसला. मग पेज केली, ऑक्सिजन मोजला, दिवेलागणीपर्यंत थांबला. तो आला नसता तर काय झालं असतं, मला माहीत नाही. पण एवढं माहीत आहे, की त्या डोळ्यांशेजारी बसून मी पुन्हा असला सिनेमा बघू शकत नाही. पडद्यावरच्या प्रत्येक एकट्या माणसात तो माझा शेवट शोधत बसेल.

मग एकटं वाटत नाही का, हा पुढचा प्रश्न असतोच. वाटतं. रविवारी संध्याकाळी फार वाटतं. एक माणूस होता. त्याचं लग्न झालं, मुलं झाली. मी कुणाला दोष देत नाही. 6 सप्टेंबर 2018ला सर्वोच्च न्यायालयाचा 377चा निकाल लागला, आमचं प्रेम गुन्हा राहिलं नाही, तेव्हा तुम्ही पेढे घेऊन आलात, आनंदानं आलात, ते मी विसरलेलो नाही. 17 ऑक्टोबर 2023ला सर्वोच्च न्यायालयानं आमच्या लग्नाला मान्यता द्यायला नकार दिला, त्या दिवशी मला एकही फोन आला नाही. मी ऑफिसातून घरी आलो, भात लावला, रात्री उशिरापर्यंत फोन उशाशी ठेवला. सोबत करायचीच असेल तर त्या दिवशी हवी होती. सिनेमाला नको.

तिशीतला मी मात्र हे ऐकून भडकला असता. तेव्हा मी लोकांच्या मागे लागून तिकिटं काढायला लावायचो. माझं म्हणणं असायचं, की आपली गोष्ट आपणच कोपऱ्यात बसून बघितली तर जग बदलणार कसं? आणि त्याचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. 'साबर बोंडं'ला अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात जागतिक विभागाचं ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळालं, तिथे निवडला गेलेला तो पहिला मराठी सिनेमा. आणि मी गेलो त्या शोला निम्म्याहून जास्त खुर्च्या रिकाम्या होत्या. त्यातल्या दोनतीन तरी मला भरता आल्या असत्या. तिशीतल्या मला यावर काय सांगायचं, मला सुचत नाही. मी एवढंच म्हणतो, की तुला अजून कुणी किल्ली मागितलेली नाही.

तो सिनेमा मात्र मला पुरता मिळाला. दिग्दर्शक रोहन कानवडे यांनी पार्श्वसंगीत अजिबात वापरलेलं नाही, त्यामुळे कुठे रडायचं हे कुणी सुचवत नाही. वडील गेल्यावर सिनेमाचा नायक आनंद दहा दिवसांसाठी गावी येतो, पायांत चप्पल घालायची नाही, भाऊबंद लग्नाचं विचारतायत, आणि शेतावर बालपणीचा बाळ्या भेटतो. तुम्ही शेजारी असता तर त्या दोघांच्या जवळिकीपाशी माझा हात धरला असता. मी तिथे शांत होतो, मला छान वाटत होतं. मला रडू आलं ते जयश्री जगताप यांनी केलेल्या आईपाशी. तिला मुलाचं सगळं ठाऊक आहे, आणि पोराचं लग्न का होत नाही याची नातेवाइकांना सांगायची गोष्टही घरात ठरलेली आहे. माझी आई आल्यागेल्याला सांगायची, "त्याच्या पत्रिकेत दोष आहे." मी ओशाळा होऊन आत निघून जायचो. तिला खरंच पत्रिकेचं वाटायचं, की तीसुद्धा मला झाकत होती? ती गेली, आता विचारायचं कुणाला? सिनेमा संपून दिवे लागले तरी मी याच विचारात बसून होतो. तेव्हा तुमच्यापैकी कुणी "काय झालं?" म्हणून विचारलं असतं, तर मी "काही नाही, छान होता" म्हणून उठलो असतो आणि हा विचार तिथेच तुटला असता.

तरीही तुम्हाला यायचंच असेल, तर तिकीट वेगळं काढा, माझ्या पुढच्या रांगेत बसा, मागे वळू नका. सुटल्यावर अर्धा तास मला काही विचारू नका. मग जेवायला जाऊ, सिनेमावर हवं तेवढं बोलू, फक्त माझं पुढे कसं होणार हे सोडून. वहिनींना हे पटेल असं वाटतं. मित्राला पटेल का, ते मला आत्ता सांगता येत नाही.