इंटर्नशिपच्या मध्यावर वाईट शेरा मिळाला, तर

अमेरिकेत एम.एस. करणाऱ्या विद्यार्थ्यांची उन्हाळी इंटर्नशिप साधारणपणे १० ते १२ आठवड्यांची असते, आणि तिच्या मध्यावर व्यवस्थापक जो आढावा घेतो, त्यावर कायम नोकरीची शक्यता बरीचशी अवलंबून असते. सॉफ्टवेअर क्षेत्रात अशा विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करण्याचे काम माझ्याकडे येत असल्यामुळे, 'अपेक्षेपेक्षा कमी' असा शेरा मिळाल्यावर आपली मुले किती खचतात, हे मी जवळून पाहतो.

पहिली धास्ती व्हिसाची असते. इंटर्नशिप गेली की देश सोडावा लागणार, असे एकदा मनाने घेतले की हातातले कामही सुचेनासे होते. वस्तुस्थिती मात्र वेगळी आहे. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर आलेल्या विद्यार्थ्याचा दर्जा त्याच्या शिक्षणाशी बांधलेला असतो. इंटर्नशिपसाठीची सीपीटी ही परवानगी विद्यापीठाकडून ठरावीक कंपनीपुरती आणि ठरावीक तारखांपुरती मिळते, त्यामुळे काम सुटले म्हणून शिक्षण सुटत नाही. पूर्णवेळ सीपीटीचे १२ महिने भरले, तर त्याच पदवीवर पुढे ओपीटी, म्हणजे शिक्षणानंतर काही काळ नोकरी करण्याची परवानगी, मिळत नाही हे खरे. पण एका उन्हाळ्यात तेवढे महिने भरत नाहीत. काम मध्येच थांबले, तर विद्यापीठातील आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला लगेच कळवावे, एवढे पथ्य पाळावे. (घरच्यांनीही रोज फोनवर 'व्हिसाचं काय?' असे विचारू नये, ही नम्र विनंती.)

मी पाहिलेल्या बहुतेक वाईट शेऱ्यांमागे बुद्धीची उणीव नव्हती, तर गप्प बसण्याची सवय होती. अडचण विचारली तर आपण कच्चे ठरू, या समजुतीने मुले रात्री जागून एकटीच झुंजत राहतात, आणि व्यवस्थापकाला मात्र आठवडेच्या आठवडे काहीच दिसत नाही. एका विद्यार्थिनीने जवळजवळ महिन्याभराचे काम एकाच पुल रिक्वेस्टमध्ये (म्हणजे कोडमधले बदल सहकाऱ्याने तपासून मंजूर करावेत, अशा विनंतीत) तपासणीसाठी पाठवले होते. त्यात इतक्या फाइली बदललेल्या होत्या की तपासणाऱ्याने ती उघडून तशीच बाजूला ठेवली. आढाव्यानंतर आम्ही दोघांनी बसून त्या कामाचे तुकडे पाडले. पहिल्या तुकड्यात फक्त तारखांची रूपे एकसारखी करणारे एक फंक्शन आणि त्याच्या चाचण्या होत्या. तो त्याच दुपारी मंजूर झाला, आणि त्यानंतर तिचे काम रोज थोडे थोडे सर्वांच्या नजरेस पडू लागले.

आढाव्याच्या बैठकीतच 'उरलेल्या आठवड्यांत नेमके काय पूर्ण झाले म्हणजे आपले समाधान होईल?' असे विचारून, मिळालेले उत्तर त्याच दिवशी ईमेलने व्यवस्थापकाला पाठवून ठेवावे. इथले व्यवस्थापक बहुधा कौतुकाने सुरुवात करतात आणि टीका इतकी मऊ शब्दांत करतात की आपल्याला ती ऐच्छिक सूचना वाटते. लेखी उत्तरात ही संदिग्धता उरत नाही. दोषाबद्दल लांबलचक क्षमायाचना करण्यात मात्र अर्थ नाही, कारण त्यात सुधारणेचा वेळ जातो आणि समोरचा माणूसही अवघडतो.

एवढे करूनही कायम नोकरीची ऑफर मिळेलच असे नाही, कारण जागा किती मंजूर होतात यावरही ती अवलंबून असते. त्या विद्यार्थिनीला ती मिळाली नाही. व्यवस्थापकाने शिफारस देण्याची तयारी मात्र आपणहून दाखवली. मोठ्या कंपन्यांची पुढच्या वर्षासाठीची भरती ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच सुरू होत असल्यामुळे, शेवटच्या आठवड्याची वाट न पाहता तिने अर्ज करायला आधीच सुरुवात केली होती.