टाकीवरची तारीख बघतंय कोण!

दर उन्हाळ्यात आमच्या बिल्डिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो मेसेज परत येतो म्हणजे येतोच. गॅसच्या लाल टाकीचा फोटो, वरच्या पट्टीवर लिहिलेल्या अक्षर-आकड्याभोवती गोल आणि खाली 'ही एक्स्पायरी डेट, उलटली की टाकी म्हणजे बॉम्ब, सगळ्यांना पाठवा'. मग दोन दिवस सगळे घाबरून असतात, कुणी जुळे सोलापुरातल्या भावाला फॉरवर्ड करतं, कुणी देवाचे हात जोडलेले इमोजी टाकतं, आणि पुढच्या आठवड्यात गाडी आली की हीच माणसं ओटीपी सांगून टाकीकडे न बघताच दार लावून घेतात.

तर बाबांनो, गॅसला एक्स्पायरी नसते. ती तारीख टाकीच्या टेस्टची आहे. टाकीच्या मानेजवळ कडं धरून ठेवणाऱ्या उभ्या पट्ट्या असतात ना, त्यातल्या एकीच्या आतल्या बाजूला रंगाने लिहिलेलं असतं. ए म्हणजे मार्चअखेर, बी म्हणजे जूनअखेर, सी म्हणजे सप्टेंबर, डी म्हणजे डिसेंबर, आणि पुढचे दोन आकडे वर्षाचे. सी २७ असेल तर सप्टेंबर २०२७ संपायच्या आत ती टाकी तपासायला काढली पाहिजे, एवढाच अर्थ. एक ऑक्टोबरला सकाळी लोखंड लगेच कागद होत नाही. पण म्हणून 'चालतंय की' असंही नाही, कारण तारीख उलटलेली टाकी भरायचीच नसते, आणि तरी ती भरून तुमच्या दारात आली असेल तर कुणाची तरी नजर चुकलीय आणि मग बाकी काय काय बघायचं राहिलं असेल हा प्रश्न पडतो.

नवीन टाकीची पहिली टेस्ट १० वर्षांनी आणि त्यानंतर दर ५ वर्षांनी होते. हे सगळं २०१६ च्या गॅस सिलेंडर नियमांखाली येतं आणि ते नियम बघणारं पेसो नावाचं केंद्राचं खातं आपल्या नागपुरात आहे, म्हणजे मुख्यालयच तिथे.

टेस्टमध्ये नेमकं करतात काय ते मला जास्त इंटरेस्टिंग वाटतं. आधी आतला उरलासुरला गॅस काढतात, व्हॉल्व्ह खोलतात, मग टाकी बाहेरून आतून बघतात, कुठे चेपलीय का, गंज चढलाय का, खालचं कडं वाकलंय का (आपले डिलिव्हरीवाले टाकी गाडीवरून कशी आपटतात ते आपण सगळ्यांनी बघितलंय, त्यामुळे खालच्या कड्याचं काही नवल नाही). मग आत पाणी भरून २५ किलोचा दाब देतात, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला २५ किलो. एरवी वापरात आतला दाब साधारण पाच-सातच्या आसपास असतो, आपल्याकडच्या मे महिन्यात त्याहून वर जातो, पण २५ पासून लांबच. पाणीच का तर पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे टाकी फाटलीच तर पाणी गळून दाब तिथेच पडतो, तेच हवेने केलं असतं तर टेस्ट करणारा माणूसच उडाला असता. मग वाळवायची, व्हॉल्व्ह बसवायचा, हवा भरून पाण्यात बुडवून बुडबुडे येतात का बघायचं, रंग द्यायचा आणि पट्टीवर पुढची तारीख टाकायची.

आणि वजन. रिकाम्या टाकीचं वजन तिच्यावरच लिहिलेलं असतं, घरगुती टाकीला साधारण पंधरा-सोळा किलो. गंजून गंजून हे वजन ५ टक्क्यांपेक्षा जास्त घटलं तर ती टाकी बाद. नुसती बाजूला ठेवायची नाही तर चेपून किंवा तुकडे करून टाकायची, परत कुणी जोडून वापरू नये म्हणून. हा नियम मला फार आवडला, कारण आपल्याकडे बाद झालेली वस्तू दुसऱ्या दिवशी जुन्या बाजारात रंग मारून उभी असते.

आता खरी गोष्ट. तुमच्या घरातली टाकी तुमची नाहीच. तुम्ही डिपॉझिट भरलंय ते 'एका' टाकीचं, 'ह्या' टाकीचं नाही. आज जी तुमच्या ओट्याखाली आहे ती मागच्या महिन्यात बार्शीत कुणाच्या तरी चहाच्या पातेल्याखाली होती, पुढच्या महिन्यात मंगळवेढ्याला जाईल. माझा भाचा अमेरिकेत असतो, तिथे अंगणातल्या शेगडीची प्रोपेनची टाकी बऱ्याच जणांच्या स्वतःच्या मालकीची असते, तारीख कॉलरवर ठोकलेली, आणि ती उलटली तर भरणारा सरळ नाही म्हणतो, परत पास करून आणा नाहीतर बदलून घ्या. त्यामुळे तो बघतो. आपल्याकडे टाकी सगळ्यांची, म्हणजे कुणाचीच नाही, म्हणून कुणी बघत नाही.

अपवाद आमची आत्या. तिचा भवानी पेठेत कडक भाकऱ्यांचा धंदा, बायका कामाला, दिवसभर भट्टी पेटलेली आणि १९ किलोच्या निळ्या टाक्या लागतात. ती तारीख आधी बघते आणि वजन त्याच्याही आधी, कारण गॅस कमी आला तर थेट तिच्या पैशात घट. मागे एक टाकी तारीख उलटलेली आली तर टाकी आणणारा पोरगा म्हणतो, "मावशी, भरलेली हाय की, काय होतंय?" आत्या म्हणाली, "भरली कुणी, तू? मग ने की परत, तुझ्या घरी लाव." दोघांची बरीच वादावादी झाली, शेवटी गाडीतली दुसरी आली. ती घेण्याआधी तिने वजनकाटा मागितला, सील बघितलं, कॅप काढून व्हॉल्व्हच्या तोंडात थोडं पाणी सोडायला लावलं. बुडबुडे आले तर आतली रबरी रिंग गेलेली असते, ती पोराकडेच असते, बदलून देतो. हे सगळं तुम्हीही मागू शकता, हक्क आहे. तिसऱ्या मजल्यापर्यंत टाकी खांद्यावर आणलेल्या माणसाला परत पाठवायचं जिवावर येतं हे मात्र खरं, म्हणून मी तरी खाली गाडीजवळच बघून घेतो.

मला ह्या लाल-निळ्या टाक्यांपेक्षा भीती वाटते ती दुसऱ्याच टाक्यांची. वर बर्नर बसवलेल्या छोट्या टाक्या, विद्यार्थी आणि बांधकामावरचे मजूर वापरतात त्या, गल्लीतल्या एखाद्या दुकानाच्या मागच्या बाजूला घरगुती टाकीतून पाईप लावून भरून मिळतात. भरणं बेकायदेशीर आहे हे भरणाऱ्यालाही माहिती असतं. त्यातल्या बऱ्याच टाक्यांवर तारीखच नसते, टेस्ट कधी झाली असेल ते सोडाच. आणि मोठी भानगड म्हणजे वजनकाटा नसतो. घरगुती टाकीत ३३ लिटरच्यावर पाणी मावतं पण गॅस भरतात फक्त १४.२ किलो, कारण द्रवरूप गॅस उन्हाने फुगतो, त्याला वर मोकळी जागा लागते. अंदाजे, हाताला जड लागेपर्यंत भरलेल्या टाकीत ती जागाच उरत नाही, मग ती पत्र्याच्या खोलीत, सोलापूरच्या उन्हात. कंपन्यांची ५ किलोची टाकी रीतसर मिळते, छोटू वगैरे नावाने, फार कागदपत्रंही लागत नाहीत, थोडी महाग पडते पण टेस्टवाली असते. तुमच्याकडे रूम भाड्याने दिलेली असेल तर पोरांना निदान एवढं सांगा.

आणि टाकी बघायला वाकलाच आहात तर नळीपण बघा. नारिंगी सुरक्षा नळीवर साल छापलेलं असतं, ५ वर्षांनी बदलायची. आमच्या ग्रुपवर विचारलं तर निम्म्या लोकांची नळी लग्नात शेगडीबरोबर आलेली निघाली. वास आला तर काडी पेटवून 'कुठून येतोय' बघायचं नाही, रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या, बटणांना हात नाही, साबणाचं पाणी लावून बघा, आणि १९०६ ला घराबाहेर जाऊन फोन करा. तो नंबर गळतीसाठी आहे, टाकी कधी येणार विचारायला नाही.