सगळ्यात महाग पातं सगळ्यात आधी बोथट

पातं लवकर बोथट होतं ही तक्रार आमच्या तपासणी प्रयोगशाळेत रोजचीच. त्या दिवशी आलेली तक्रार मात्र उलटी होती. एका पॅकिंग विभागाने एकाच आकाराचे, एकाच जाडीचे चाकू तीन वेगवेगळ्या पोलादांत मुद्दाम बनवून घेतले होते: डी२, १४सी२८एन आणि एस९०व्ही. दिवसभर पुठ्ठा कापायला कोणतं पातं परवडतं, ते त्यांना बघायचं होतं. नुसते रासायनिक घटक बघून कुणीही निकाल सांगितला असता. एस९०व्ही पहिला, डी२ दुसरा, १४सी२८एन तिसरा. त्यांच्या वहीत क्रम बरोबर उलटा लागला होता.

"पोलादच खोटं आहे. तपासून लेखी द्या," पर्यवेक्षक म्हणाले. त्यांच्याबरोबर त्या विभागातले सगळे चाकू निसणारे एक वयस्कर कामगार आले होते. सगळे त्यांना मामा म्हणत. ते काहीच बोलले नाहीत, नुसते माझ्या टेबलावरचे दगड बघत उभे राहिले.

खोटं पोलाद ही शंका चुटकीसरशी निकालात निघते. पाठीकडच्या भागावर स्पार्क स्पेक्ट्रोमीटर लावला, म्हणजे ठिणगी पाडून पोलादातले घटक सांगणारं यंत्र. कार्बन २.३ टक्क्यांच्या आसपास, क्रोमियम १४, व्हॅनेडियम ९. म्हणजे एस९०व्हीच, आणि अगदी नमुनेदार. मग रॉकवेल, म्हणजे कडकपणाचं माप, घेतलं. तिन्ही पाती साठच्या जवळपास, फार तर एखाद्या अंकाचा फरक. हे आकडे बघून पर्यवेक्षक आणखीच गोंधळले. कडकपणा सारखा, तर धारही सारखीच टिकायला हवी, असा त्यांचा हिशोब. तो चुकीचा, पण फार जणांचा असतो. रॉकवेलचं हिऱ्याचं टोक पोलाद किती दबतं ते सांगतं. पुठ्ठ्यातल्या खनिज कणांनी ते किती घासलं जाईल, ते सांगत नाही. ते पोलादात विखुरलेल्या कार्बाइडच्या, म्हणजे कार्बन आणि धातूच्या कडक संयुगाच्या, कणांवर ठरतं: किती आहेत, कशाचे आहेत आणि केवढे आहेत. १४सी२८एनमध्ये कार्बन ०.६२ टक्के, म्हणून कार्बाइड थोडं आणि बारीक. डी२मध्ये कार्बन दीड टक्का आणि क्रोमियम बारा, त्यामुळे क्रोमियमचं कार्बाइड भरपूर, पण ओतीव पोलाद असल्याने कण मोठाले. एस९०व्ही वितळलेल्या पोलादाची भुकटी करून, ती दाबून घडवतात. त्यात व्हॅनेडियमचे कार्बाइड ठासून भरलेले असतात, तरीही कण बारीक राहतात. प्लास्टिक कारखान्यांतले सतत घासले जाणारे भाग या जातीच्या पोलादाचे करतात. ते पुठ्ठ्यापुढे हार मानेल, हे मला पटेना.

म्हणून पाती सूक्ष्मदर्शकाखाली घातली. धार बोथट झाली, एवढ्या बोलण्याला काही अर्थ नसतो. ती घासून गेली, वळली, तिचे टवके उडाले की गंजाने खाल्ली, हे बघावं लागतं. प्रत्येकाचा इलाज वेगळा, काही वेळा तर परस्परविरुद्ध. १४सी२८एनची धार घासून गोलसर झाली होती आणि काही ठिकाणी एका बाजूला कलंडली होती. टवका नावाला नाही. डी२वर घासल्याची चकचकीत रेघ आणि मधूनमधून बारीक खळगे, मोठे कार्बाइड उपटून निघाल्यावर राहतात तसे. चांगल्या धारेचं टोक एका मायक्रॉनहूनही बारीक असतं आणि डी२मधला कण त्याच्या कित्येक पट मोठा असू शकतो. तो निसटला की धारेत तेवढं भोक पडणारच.

एस९०व्हीवर घासल्याची खूण जवळजवळ नव्हतीच. तिथे दिसल्या धार लावायच्या खरखरीत पट्ट्याच्या जाडसर ओरखड्यांच्या रेघा, आणि टोकाशी लोंबणारी फाटकी बर, म्हणजे निसताना कडेला उरणारी पोलादाची पातळ झालर. बरेच ठिकाणी बर तुटून गेलेली, आणि तुटलेल्या जागी सपाट कड.

"मामा, याला धार कशावर लावता?"

"बाकीच्यांना दगडावर. याला पट्ट्यावर, ताई. दगड घेतच नाही हे. तासभर घासा, नुसतं चमकतं."

पुढची अर्धी तपासणी त्या एका वाक्यातच झाली होती. मामांचा दगड ॲल्युमिनियम ऑक्साइडचा. त्याचा कडकपणा व्हिकर्सच्या मापात २१००च्या आसपास, क्रोमियम कार्बाइडचा साधारण १५००, आणि व्हॅनेडियम कार्बाइडचा २८००च्या घरात. म्हणजे डी२चे कार्बाइड तो दगड कापू शकतो. एस९०व्हीत तो आजूबाजूचं पोलाद कुरतडतो आणि कण तसेच उभे राहतात. पातं ज्या गुणामुळे पुठ्ठ्यावर झिजत नाही, त्याच गुणामुळे दगडावरही झिजत नाही. यात मामांचा दोष नव्हता. हातातल्या दगडाने पातं घेतलं नाही, म्हणून त्यांनी त्याहून जोरदार साधन शोधलं, ते म्हणजे कोरडा, वेगाने फिरणारा पट्टा.

आता पट्ट्याने बर नीट निघाली नव्हती, एवढंच कारण की तापून पोलादाचं पाणीही उतरलं होतं, म्हणजे कडकपणा गेला होता, हा प्रश्न उरला. मामा म्हणाले, प्रत्येक हाताला ते पातं पाण्यात बुडवतात. ही सवय चांगली, पण तिचा भरवसा धरू नये. धारेच्या टोकाशी पोलाद इतकं थोडं असतं, की पट्ट्याला टेकताक्षणी ते तापतं आणि पाण्यात जाईपर्यंत व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. रंग बदललेला दिसेलच असंही नाही. आणि रॉकवेलचं टोक धारेच्या कडेवर टेकवताच येत नाही, तिथे जाडीच नाही. म्हणून मी एक पातं आडवं कापायची परवानगी मागितली. पर्यवेक्षकांचा चेहरा बघण्यासारखा झाला. तिन्हींतलं सगळ्यात महाग पातं, आणि ही बाई ते कापायला मागते! शेवटी "बरं, एकच" म्हणाले.

तापू नये म्हणून वरून पाणी सोडत पातं कापलं, तुकडा राळेत बसवला, घासून आरसा केला आणि कडेपासून आत सरकत मायक्रोव्हिकर्सचे, म्हणजे कडकपणा मोजायचे अगदी बारीक, ठसे घेतले. आतल्या भागात ठसे एकसारखे. कडेच्या अगदी जवळ आल्यावर ते मोठे होत गेले, म्हणजे पोलाद मऊ होत गेलं. मामा भिंगातून बराच वेळ बघत होते. "म्हणजे मी कच्च्या कडेनं कापायला देत होतो," ते म्हणाले. मी म्हटलं, कड फार थोडी बिघडली आहे, अर्धा मिलिमीटर काढली की खाली चांगलं पोलाद आहे.

तसंच केलं. तिन्ही जातींची एकेक पाती हिऱ्याची पूड बसवलेल्या पत्र्यावर, पाणी लावून, दोन्ही बाजूंना वीस-वीस अंशांवर, बर पूर्ण जाईपर्यंत निसली. आमच्याकडे शेफील्डच्या काट्रा संस्थेच्या पद्धतीचं यंत्र नाही. त्यात वाळूचे कण घातलेला कागद ठरावीक दाबाखाली पात्याने कापतात, आणि एकूण किती कापला गेला ते मोजतात. आमची पद्धत गावठी आहे. वजनकाट्यावर फळी ठेवायची, फळीवर काथ्याचा दोर, आणि तो कापायला किती दाब लागला ते वाचायचं. मध्ये पुठ्ठ्याचे काप, पुन्हा दोर. ठरलेला दाब ओलांडला की पातं बाद. या पद्धतीत मनगटाची चूक शिरते, पण मोठे फरक लपत नाहीत.

१४सी२८एन आधी बाद झालं, मग डी२. एस९०व्ही कापतच राहिलं. दुपार कलली तरी काट्यावरचा आकडा हलत नव्हता, तेव्हा पर्यवेक्षक उठून उभे राहिले आणि म्हणाले, "मग सगळीकडे हेच घेऊ."

मी म्हटलं, आधी खोक्याची पिन कापू.

हे मला करून दाखवायचंच होतं, कारण त्यांच्या डी२वरचे काही टवके कार्बाइड निसटल्याचे नव्हते, कशावर तरी आपटल्याचे होते. पुठ्ठ्याच्या शिवणीतल्या धातूच्या पिनेवरून तिन्ही पाती ओढली. डी२ आणि एस९०व्हीचे टवके उडाले, नुसत्या डोळ्यांना दिसतील असे. १४सी२८एनची धार तेवढ्या जागी चेपली आणि कलंडली. सिरॅमिकच्या दांडीवर चार हात मारल्यावर ती पुन्हा कागद कापू लागली. एस९०व्हीचा टवका काढायचा तर अख्खी धार मागे न्यावी लागते, हिऱ्यावरसुद्धा वेळ जातो.

आणखी एक गोष्ट केली, आणि मला विचाराल तर दिवसातली सगळ्यात कामाची तीच. १४सी२८एन दोन्ही बाजूंनी पंधरा अंशांवर आणलं. ते पोलाद चिवट असल्याने एवढी पातळ धार पेलतं. पुन्हा दोरावर घातलं, तर वीस अंशांच्या डी२ला त्याने मागे टाकलं. पोलादाच्या नावावर लोक रात्र-रात्र वाद घालतात आणि कोन कुणी विचारत नाही. पातळ धार मुळातच कमी दाबाने कापते, त्यामुळे थोडी झिजली तरी ती बोथट वाटायला वेळ लागतो. एस९०व्हीला मात्र त्याने गाठलं नाही, आणि गाठणारही नव्हतं.

मामांना विचारलं, तुम्हाला कोणतं हवं. त्यांनी क्षणभरही विचार न करता १४सी२८एन उचललं. "हे मी जेवायच्या सुट्टीत लावू शकतो." पर्यवेक्षकांना ते फारसं रुचलं नाही. कमी वेळा धार लावावी लागावी, हाच तर त्यांचा सगळा खटाटोप होता.

मी अहवालात लिहिलं ते असं. जिथे नुसता पुठ्ठा कापतात, पिना नाहीत, पातं वाकवून झाकण उचकटत नाहीत, तिथे एस९०व्ही ठेवा. ते फक्त हिऱ्यावर आणि पाण्यात निसा, पट्टा बंद. बाकी सगळीकडे १४सी२८एन, पंधरा अंशांवर. डी२ यापुढे घेऊ नका. क्रोमियम बारा टक्के असलं तरी बरंचसं कार्बाइडमध्ये अडकल्यामुळे ते ओल्या हाताने डागाळतं, आणि तुमच्या धुण्याच्या जागेजवळच्या दोन पात्यांवर गंज धरायला लागला आहे. शेवटच्या ओळीवर पर्यवेक्षकांनी हरकत घेतली, कारण डी२चा साठा अजून पडून होता. मग ती ओळ बदलली: साठा संपेपर्यंत कोरड्या जागी वापरा, रोज पुसून तेलाचा हात द्या.