चार स्क्रूंच्या आतली तारीख

आमच्या आधीच्या पिढीतली निम्मी मंडळी एक जूनला जन्मली आहेत. शाळेत नाव घालायला नेलं की गुरुजी विचारायचे, जन्मतारीख काय? घेऊन जाणाऱ्या चुलत्याला ती ठाऊक नसायची. मग गुरुजी पोराकडे एकदा वरपासून खालपर्यंत बघायचे, पहिलीत बसेल अशा बेताने साल ठरवायचे आणि त्याच्या आधी १ जून ठोकून द्यायचे. पुढे दाखल्यावर, पासपोर्टवर, पेन्शनच्या कागदावर तीच तारीख. खरं काय ते घरातल्या म्हाताऱ्या बाईला विचारावं लागे, आणि ती तारीख सांगतच नसे. "पानशेत फुटलं तेव्हा हा रांगत होता," किंवा "धाकटी झाली ती दिवाळीनंतर, कोयनेच्या भूकंपाच्या आधी." कागदापेक्षा ही साक्ष कितीतरी पक्की.

जुन्या इलेक्ट्रिक गिटारचं साल काढणं हा नेमका असाच उद्योग आहे. गिटारवरचा सिरीयल नंबर म्हणजे गुरुजींनी घातलेली तारीख. म्हातारीची साक्ष हवी असेल तर गिटार उघडावी लागते.

मी राहतो ती कॅलिफोर्नियातली ऑरेंज काउंटी. एकेकाळी इथे नावाला शोभतील अशा संत्र्यांच्या बागा होत्या, आता त्या जागी वसाहती आणि पार्किंग आहे (नागपूरकरांनी हे वाचून उगाच हळहळू नये). याच बागांमधल्या फुलर्टन गावात लिओ फेंडर नावाचा गृहस्थ १९३८पासून रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवत होता. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. कदाचित म्हणूनच त्याने गिटारकडे दुरुस्तीवाल्याच्या नजरेने पाहिलं. गिटारचा नेक, म्हणजे आपल्या सतारीची दांडी म्हणू ती, बॉडीला सरसाने चिकटवायच्या फंदात न पडता त्याने चार स्क्रूंनी जोडून टाकली. बिघडली, काढा. दुसरी लावा. १९५०मध्ये त्याची पहिली भरीव लाकडाची गिटार बाजारात आली, १९५४मध्ये स्ट्रॅटोकास्टर आली, आणि त्या चार स्क्रूंमुळे आज सत्तर वर्षांनी आम्हा रिकामटेकड्यांची सोय झाली.

माझ्या एका मित्राचं गिटार दुरुस्तीचं दुकान आहे. शनिवारी मी तिथे जाऊन बसतो. हातभार लावतो असं मी म्हणतो, अडगळ होते असं तो म्हणतो. तिथे जुनी स्ट्रॅट, म्हणजे स्ट्रॅटोकास्टर, आली की पहिलं काम ठरलेलं. तारा सैल करायच्या, गिटार मऊ कापडावर पालथी घालायची आणि मागच्या पोलादी पट्टीचे चार स्क्रू सोडवायचे. याच पट्टीवर सिरीयल नंबर कोरलेला असतो. पट्टी सुटी होते, नेक थोडा हलवावा लागतो (वर्षानुवर्षांच्या रंगाने आणि घामाने तो बॉडीला धरून बसलेला असतो), आणि मग बारीक 'कट्' असा आवाज करून निघतो. त्याच्या टाचेवर, म्हणजे बॉडीच्या खाचेत बसणाऱ्या भागावर, रंग नसतो. तिथे उघड्या मेपलवर तारीख असते. पन्नाशीच्या दशकात ती शिसपेन्सिलीने लिहिलेली, १९६२पासून रबरी शिक्क्याने उमटवलेली.

शिक्का असा दिसतो: '२ नोव्ह ६३ बी'. नवशिका लगेच म्हणतो, दोन नोव्हेंबर त्रेसष्ट! तसं नाही. तो २ म्हणजे स्ट्रॅटोकास्टरचा सांकेतिक आकडा. शेवटचा बी म्हणजे वरच्या टोकाला नेकची रुंदी किती, त्याची खूण: ए म्हणजे दीड इंच, बी म्हणजे एक पूर्णांक पाच अष्टमांश. तारखेपैकी खरं काय तर महिना आणि साल. पुढे स्ट्रॅटचा आकडा बदलून १३ झाला, तेव्हा तर तेरा तारखेला जन्मलेल्या गिटारींचं पीकच आलं.

पण ही तारीख तरी कशाची? नेक तासून झाला, त्या दिवसांची. तो नेक नंतर मांडणीवर किती पडून राहिला, कोणत्या बॉडीला कधी लागला, हे तो सांगत नाही. म्हणून दुसरा साक्षीदार बोलवायचा. पुढची प्लॅस्टिकची पाटी उचलली की आवाजाच्या आणि टोनच्या बटणांखालचे पॉट, म्हणजे बटण फिरवलं की आवाज कमीजास्त करणारे विजेचे भाग, दिसतात. प्रत्येकाच्या पाठीवर आकडे ठोकलेले असतात. समजा '१३७६६३३'. पहिले तीन आकडे कारखान्याचे, १३७ म्हणजे सीटीएस. ३०४ असतं तर स्टॅकपोल. पुढचे दोन साल, ६६. शेवटचे दोन आठवडा, तेहतिसावा. म्हणजे ऑगस्ट १९६६. पन्नाशीच्या दशकातल्या पॉटवर सालाचा एकच आकडा असायचा, तेव्हा तिथे जरा जपून.

या आकड्याने एकच गोष्ट सिद्ध होते: गिटार यापेक्षा जुनी नाही. किती नवी, ते तो बोलत नाही. १९६६मध्ये फेंडरने पॉटचा इतका प्रचंड साठा घेतला की तो साठच्या दशकाच्या अखेरपर्यंत पुरला. ६९च्या गिटारीत ६६चे पॉट सापडतात आणि त्यात काही काळंबेरं नसतं. घाऊक खरेदी होती, एवढंच. आपल्याकडे लग्नातल्या उरलेल्या पत्रावळ्या मुंजीपर्यंत पुरवतात, तो हिशोब गोऱ्यांनाही कळतो.

सिरीयल नंबरचा मला एवढा राग का, तेही सांगतो. त्या पोलादी पट्ट्या आकडे कोरून खोक्यात पडलेल्या असत. जोडणाऱ्याच्या हाताला येईल ती पट्टी लागे. खालच्या तळाशीच राहत. त्यामुळे मोठ्या आकड्याची गिटार लहान आकड्याच्या गिटारीपेक्षा आधीची निघते आणि त्यात कुणाला काही वाटत नसे. १९७६मध्ये नंबर नेकच्या माथ्यावर आला, त्यात सालाचं अक्षर आणि आकडा घातला. एस म्हणजे सत्तरचं दशक, ई म्हणजे ऐंशीचं. आता तरी शिस्त येईल असं वाटलं. पण स्टिकर आधीच छापून ठेवलेले. 'एस ९' म्हणजे १९७९ हे स्टिकर ऐंशी उलटल्यावरही लागत राहिले, आणि 'ई ४' तर ८७ सालापर्यंत.

गिब्सनवाल्यांची गोष्ट आणखी वाईट. मिशिगनमधल्या कॅलमझूला त्यांचा कारखाना होता. १९५३ ते ६१ या काळात त्यांच्या भरीव लाकडाच्या गिटारींच्या माथ्यामागे शाईचा नंबर असे आणि पहिला आकडा सालाचा शेवटचा आकडा असे. ९ म्हणजे १९५९. किती सुटसुटीत! मग साठच्या दशकात त्यांनी नंबर दाबून उमटवायला सुरुवात केली आणि तेच नंबर वेगवेगळ्या सालांत पुन्हा पुन्हा वापरले. सत्तरच्या दशकात आणखी एकदा. त्यांच्या प्रसिद्ध पिकअपखाली (तारांचं कंपन टिपणारा भाग तो पिकअप) १९६२पर्यंत 'पेटंटचा अर्ज केला आहे' अशी चिकटपट्टी असे, पेटंट १९५९मध्ये मिळालं होतं तरीही. आणि पुढे पेटंटचा नंबर छापला तोही पिकअपचा नाही. लेस पॉल यांच्या तारा अडकवायच्या पट्टीच्या पेटंटचा! नक्कल करणाऱ्यांना चकवायला मुद्दाम केलं असं काहीजण म्हणतात. मला विचाराल तर कारखान्यातला माणूस इतकं लांबचं योजत नाही, तो समोरचा कागद उतरवतो.

असो. अंगावरच्या खुणाही बोलतात. स्ट्रॅटच्या नेकवर शिसवी पट्टी १९५९मध्ये आली. ६२च्या मध्यापर्यंत ती खालून सपाट आणि जाड, नंतर वळणदार आणि पातळ. तिच्यावरचे ठिपके ६४च्या अखेरपर्यंत मातकट, मग मोत्यासारखे चकाकणारे. त्या काळातली तीन पदरी पांढरी पाटी सेल्युलॉइडची, ती वयाबरोबर हिरवट पडते आणि आकसते, इतकी की कधीकधी स्क्रूजवळ तडकते. लाल रंग उन्हाने उडतो, त्यामुळे १९५९च्या आसपासची तिरंगी गिटार आधीच्या गिटारींसारखी दुरंगी दिसून साल दोनतीन वर्षं मागे ढकलते.

मला या सगळ्यात जास्त आवडतात ती खिळ्यांची भोकं. रंग देताना बॉडी खाली टेकू नये म्हणून फेंडरच्या कारखान्यात तिच्या पुढच्या बाजूला बारीक खिळे ठोकत. उलटी करून, सुलटी करून फवारणी व्हायची, खिळ्यांवर उभी राहून बॉडी वाळायची, मग खिळे उपटायचे. ६४च्या सुमारापर्यंत ही पद्धत होती. भोकं पाटीखाली झाकली जात. आता गंमत अशी, की खिळा रंगानंतर उपटलेला असल्याने अस्सल भोकात कोरं लाकूड दिसतं. भोकाच्या आत रंग गेलेला असेल तर गिटार कुणीतरी नंतर रंगवली आहे. हजारो डॉलरचा फरक त्या सुईएवढ्या भोकात. काडीने टोकरून बघताना माझा मित्र श्वास धरतो आणि गिऱ्हाईक डोळे मिटतं.

आतल्या बाजूला माणसंही भेटतात. पन्नाशीच्या दशकातल्या नेकवर 'टीजी' अशी अक्षरं असतात, ती ताडेओ गोमेझ यांची. नेकला शेवटचा आकार ते देत. काही गिटारींच्या खोबणीत कागदी चिकटपट्टीचा तुकडा असतो, त्यावर मेरी किंवा ग्लोरिया असं नुसतं पहिलं नाव. वायरी जोडणाऱ्या बायकांची ही नावं. १९५६मध्ये कामाला लागलेल्या ॲबिगेल इबारा पिकअपला तार गुंडाळत, त्यांची सही पिकअपखाली सापडते. लेबलावर, जाहिरातीत यांच्यापैकी कुणी नव्हतं. तास मोजायला, चूक कुणाची ते कळायला कारखान्याने लिहून घेतलं असेल. आज लिलाववाले त्याच पेन्सिलीच्या दोन अक्षरांचे मोठे फोटो छापतात. ज्या हातांनी ती लिहिली त्यांना तेव्हा तासावर पैसे मिळत होते.

साल म्हणजे नेमकं कशाचं, हा प्रश्न मात्र शेवटपर्यंत सुटत नाही. एरिक क्लॅप्टन या इंग्रज गिटारवादकाने १९७०मध्ये नॅशव्हिलच्या एका दुकानातून सहा जुन्या स्ट्रॅट घेतल्या. तीन मित्रांना वाटल्या: जॉर्ज हॅरिसन, पीट टाउनशेंड आणि स्टीव्ह विनवूड. उरलेल्या तिन्हींचे चांगले भाग काढून एक गिटार जुळवली. तिचं नाव 'ब्लॅकी'. २००४मध्ये ती लिलावात ९,५९,५०० डॉलरना गेली. नियमाने बघितलं तर ती निव्वळ जोडाजोड. आमच्या दुकानात अशीच एखादी अनोळखी माणसाची गिटार आली असती तर मित्राने नाक मुरडून किंमत निम्मी केली असती.

बाजाराला मात्र एक साल फार प्रिय. जानेवारी १९६५मध्ये सीबीएस या रेडिओ-टेलिव्हिजनच्या बड्या कंपनीने फेंडर कंपनी एक कोटी तीस लाख डॉलरना विकत घेतली. त्याआधीची गिटार ती खरी, नंतरची ती कंपनीची, अशी रेघ लोकांनी ओढली आहे. जणू डिसेंबरात कामगार मन लावून तासत होते आणि जानेवारीत सगळ्यांनी एकदम हात आखडते घेतले. मला हे पटत नाही. माणसं तीच, यंत्रं तीच, लाकूडही तेच होतं.

गेल्या हिवाळ्यात आमच्या ओळखीचे एक डॉक्टर त्यांची स्ट्रॅट घेऊन आले. मूळचे सांगलीचे, निवृत्त झाल्यावर गिटार शिकायला लागलेले. घेताना त्यांना '१९६४, सीबीएसच्या आधीची' म्हणून दिली होती आणि किंमतही तशीच लावली होती. आम्ही चार स्क्रू काढले. नेकवर डिसेंबर ६४चा शिक्का. डॉक्टरांचा चेहरा खुलला. मग पाटी उचलली. तीनपैकी दोन पॉट ६४चे, तिसरा ६५च्या तिसऱ्या आठवड्यातला. सोल्डर जुनं, कुणी हात न लावलेलं.

"पॉट नंतर बदलला असेल रे," डॉक्टर म्हणाले.

"नाही डॉक्टर, टाके मूळचेच दिसतायत. जोडली ती जानेवारी संपता संपता, किंवा त्यानंतर."

"म्हणजे लाकूड फेंडरचं आणि वायरी सीबीएसच्या?"

"म्हणायचं तर तसं म्हणा."

ते थोडा वेळ त्या पॉटकडे बघत राहिले. मग पालथी ठेवलेली पोलादी पट्टी उचलून त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि नंबर वाचला.

"हा नंबर तक्त्यात चौसष्टमध्येच येतो ना?"

"येतो."

"मग झालं तर. लाव ते स्क्रू."