कलाकारांच्या मुलाखती, नोंद चौथी: सांगता सांगता ‘करून दाखवतात’ ती जागा

या टप्प्यात सगळं काम एकाच जागेवर केलं. बोलता बोलता गायक तान घेतो, नट वाक्य म्हणून दाखवतो, वादक बोट कुठे दाबलं ते वाजवून दाखवतो, ती जागा. मुलाखतीचा सर्वांत मोलाचा भाग बहुधा हाच असतो, आणि नेमका तोच खराब ध्वनिमुद्रित होतो.

कारण सरळ आहे. रेकॉर्डरची पातळी लावलेली असते बोलण्यावर. त्यात शून्य डेसिबल म्हणजे कमाल मर्यादा, त्यावर आवाज फाटतो. बोलण्यातले सर्वांत मोठे उच्चार उणे १८ ते उणे १२ डेसिबलमध्ये बसवले, तर वर १२ ते १८ डेसिबलचीच जागा उरते. खुर्चीत शांतपणे बोलणाऱ्या गायकानं वरचा सूर लावला की ती संपते आणि आवाज फाटतो. म्हणून आता प्रत्येक माईकचा एक जादा सेफ्टी ट्रॅक, म्हणजे राखीव मुद्रण, १२ डेसिबल कमी गेनवर (माईकचा आवाज रेकॉर्डर किती वाढवून घेतो ते प्रमाण) चालू ठेवतो. तो वेगळ्या गेनमधूनच मुद्रित व्हायला हवा. फाटलेलाच आवाज हळू करून लिहिणारा ट्रॅक काही कामाचा नाही. मुलाखतीआधी माईकजवळ मुद्दाम ओरडून दोन्ही ट्रॅक ऐकले की फरक लगेच कळतो. रेकॉर्डरमध्ये ३२ बिट फ्लोट, म्हणजे फार मोठा आवाजही न फाटता लिहिणारी पद्धत, असली तरी कॉलर माईक किंवा त्याचा वायरलेस ट्रान्समीटरच फाटला, तर रेकॉर्डर काही वाचवू शकत नाही.

४८ किलोहर्ट्झ, २४ बिट या मुद्रणाच्या दर्जाला एक मोनो (एकपदरी) ट्रॅक तासाला सुमारे ५२० एमबी घेतो. दोन माईक आणि त्यांचे दोन सेफ्टी ट्रॅक मिळून तासाला २ जीबीच्या थोडं वर. कार्ड निवडताना हा हिशेब आधी करावा.

संपादनात फाटलेल्या जागी सेफ्टी ट्रॅकचा तुकडा बसवताना तो १२ डेसिबल वर उचलला की रेकॉर्डरची स्वतःची खरखरही वर येते. नुसतं फाटलेलं अक्षर बदललं तर जोड ऐकू येतो. श्वासापासून श्वासापर्यंतचा सगळा तुकडा बदलावा, दोन्ही टोकांना १० ते २० मिलिसेकंदांचा क्रॉसफेड द्यावा, म्हणजे एक आवाज विरत असताना दुसरा चढत यावा.

माईक दोन: बोलण्याला कॉलर माईक, दाखवण्याला स्टँडवरचा. स्टँडचा माईक तोंडापासून १५ ते २० सेंटिमीटरवर, जरा बाजूला, म्हणजे प, फ, भ यांचा फटका थेट बसत नाही. मिक्समध्ये मात्र एका वेळी एकच माईक उघडा ठेवावा. नाहीतर तोच आवाज दोन्हींत थोड्या वेळाच्या फरकानं पोचतो आणि माणूस डब्यातून बोलल्यासारखा वाटतो.

आता प्रश्न. ‘या क्षेत्रात कसे आलात?’ याचं उत्तर अनेकदा सांगून सांगून गुळगुळीत झालेलं असतं. नटाला विचारावं, ‘हे वाक्य तालमीत कुठे अडत होतं?’ मग, ‘नेमका कुठला शब्द?’ आणि मग, ‘आधी म्हणायचात तसं आणि आता म्हणता तसं, दोन्ही म्हणून दाखवाल?’ बऱ्याचदा दोन्हींत शब्द तेच, स्वरही जवळजवळ तोच. बदललेला असतो तो क्रियापदाआधीचा अर्ध्या सेकंदाचा थांबा. तो ऐकला की त्या माणसाचं काम कळतं. दाखवून झाल्यावर तीन-चार सेकंद गप्प राहावं, पुढचा प्रश्न रेटू नये. खरं स्पष्टीकरण बहुधा त्या शांततेनंतरच येतं.

आणि संपादनात आपोआप शांतता कापणारं साधन नेमका तोच थांबा गिळतं! दाखवण्याच्या तुकड्यांवर ते बंदच ठेवावं. नॉइज गेट, म्हणजे ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणारं साधन, तेही नको, तारेचा विरत जाणारा नाद त्यात मध्येच तुटतो.

दूरच्या मुलाखतीत तर कॉलचा आवाज फक्त संवादापुरता. कॉलमधलं गोंगाट कमी करणारं साधन लांबवलेल्या स्वराला गोंगाट समजून दाबतं. दोन्हीकडे स्वतंत्र ध्वनिमुद्रण करावं, सुरुवातीला आणि शेवटी एकेक टाळी वाजवून घ्यावी. दोन यंत्रांच्या घड्याळांत दशलक्षात ५० भागांचा फरक असला तरी तासाअखेर १८० मिलिसेकंद सरकतात आणि प्रश्न संपायच्या आत उत्तर सुरू झाल्यासारखं वाटतं. दोन टाळ्यांमधलं अंतर दोन्ही फाइलींत मोजून एक फाइल त्या प्रमाणात ताणली की जुळतं. एवढ्या ताणानं स्वर बदललेला कानाला जाणवत नाही.

अजून न सुटलेली बाजू चित्रकार आणि नर्तकांची. तिथे दाखवणं ऐकूच येत नाही. सध्या मुलाखत घेणाऱ्यानंच, ‘आता कुंचला आडवा धरलात, तो का?’ असं दिसतं ते प्रश्नात घालून बोलायचं, एवढंच जमलंय. पण हात चालू असताना बोलायला लावलं की काहींचा हात थांबतो. म्हणून पुढच्या वेळी आधी विनाप्रश्न दोन मिनिटं काम करू द्यायचं आणि मग तेच सावकाश पुन्हा करताना विचारायचं, असं करून पाहणार आहोत.