बागेतला मांडव मोडला, पण ते लाकूड बंबात घालू दिलं नाही

आमचं घर कळंब्याला, मागं छोटी बाग. त्यात पप्पांनी १९९८ ला वेलींसाठी मांडव घातलेला, सहा खांब आणि वर आडव्या पट्ट्या. यंदा खांब तडकून कलायला लागले म्हणून उतरवायचं ठरवलं, तर आईनं आधीच हिशोब लावून ठेवला की दोन महिने बंबाच्या जळणाची काळजी मिटली. तिचं चुकलं असं नाही, आमच्याकडं जुनं लाकूड म्हणजे बंब नाहीतर होळी, हेच बघत आलोय.

मला खटकलं ते वेगळंच. इतकी वर्षं मातीत उभं राहून त्या खांबांना वाळवी कशी लागली नाही? एक पट्टी मोडली तर आत हिरवट रंग. पप्पांना बिलं जपून ठेवायची सवय होती, त्यांची फाईल काढली आणि बिल सापडलं, त्यावर लिहिलेलं 'सीसीए ट्रीटेड पाइन'. मग वाचत बसलो. सीसीए म्हणजे क्रोमियम, तांबं आणि आर्सेनिक, लाकडात दाबानं मुरवलेलं. ही पद्धत आपल्याच डेहराडूनच्या फॉरेस्ट रिसर्च इन्स्टिट्यूटमधल्या सोंती कामेसन यांनी १९३३ साली शोधली, आणि पुढं जगभर खांबांना, कुंपणांना तीच वापरली गेली. अमेरिकेत घरगुती वापराचं बहुतेक लाकूड असं ट्रीट करणं २००३ च्या अखेरीला बंद झालं, कारण आर्सेनिक.

जाळल्यावर आर्सेनिक नाहीसं होत नाही हो, थोडं धुरातनं जातं आणि बाकीचं राखेत साठतं, म्हणजे मूठभर राखेत अख्ख्या ओंडक्याचं विष. आणि आमच्या बंबाची राख कुठं जाते? आई तिनं भांडी घासते, उरलेली अळूच्या बुडात टाकते. हे डोक्यात आलं तेव्हा अंगावर काटाच आला. आईला शांत बसवून सांगितलं, तिलाही राखेचं लगेच पटलं.

शेजारचे काका म्हणाले, पंचगंगेच्या स्मशानभूमीला दान दे, पुण्य लागंल. त्यांची भावना चांगली, पण म्हटलं काका, तो धूर तिथं उभ्या माणसांच्याच नाकात जाणार. भंगारवाला घ्यायला तयार होता, पुढं काय करता विचारलं तर जळणालाच जातंय म्हणाला, त्यालाही नको म्हणालो.

उतरवायला आमचे नेहमीचे सुतारमामा आले. त्यांना सांगितलं, मामा, मशीन लावायचं नाही, स्क्रू आणि खिळे काढूनच सोडवा. खाली ताडपत्री अंथरली, दोघांनीही एन-९५ मास्क आणि हातमोजे घातले. दोनच खांब हातकरवतीनं कापावे लागले, तो भुसा सगळा गोळा करून पोत्यात बांधला, कारण असला भुसा खतात, झाडांच्या बुडात किंवा कोंबड्यांच्या खुराड्यात अजिबात जाता कामा नये. कपडे वेगळे धुतले आणि चहाच्या आधी हात साबणानं घासून.

मग वॉर्ड ऑफिसला अर्ज दिला, सोबत फोटो आणि बिलाची झेरॉक्स. घनकचरा नियमात घरगुती घातक कचरा वेगळा द्यायचा असतो, हे मी अर्जातच लिहिलं. साहेबांनी बिल नीट वाचलं आणि घंटागाडीत टाकू नका, वेगळी गाडी पाठवतो, तोवर पत्र्याखाली कोरडं ठेवा म्हणाले. पावसात भिजलं की आर्सेनिक झिरपतं, म्हणून मी प्लास्टिक गुंडाळून विटांवर रचलं आणि प्रत्येक मोळीवर मार्करनं लिहिलं, 'विषारी लाकूड, जाळू नका'. नेणारा माणूस बदलला तरी ते वाचणार ना. तिसऱ्या आठवड्यात गाडी आली, तेव्हा ड्रायव्हरलाही तोंडी सांगितलं.

खांबांच्या बुडाची माती राहिलीच. त्या मातीत आर्सेनिक उतरलेलं असतं आणि ते बरंचसं खांबाच्या आसपासच राहतं. म्हणून अळू, कोथिंबीर तिथनं काढून टाकली आणि दुसऱ्या कोपऱ्यात नवीन माती घालून परत लावली. मांडवाच्या जागी आता जास्वंद आहे, आईनंच लावली.